पूल पडल्यावर उठणाऱ्या वदंता

शिरवळच्या उत्तरेस नीरा नदी वाहते. तिचा अलीकडचा तीर सातारा जिल्ह्याचा आणि पलीकडचा पुणें जिल्ह्याचा. पुण्याहून साताऱ्याकडे येणारा हमरस्ता या दोन तीरांना पुलानें जोडतो. भाजीपाल्याच्या गाड्या, शिक्षणासाठीं जाणारीं मुलें, कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार अशी किती तरी माणसें या पुलावरून दररोज येतात आणि जातात. त्यांपैकीं पुलाचा विचार करणारा मनुष्य विरळाच. अंधारांत घरच्या पायरीवर पाऊल टाकतांना पायरी जागेवर आहे ना, असा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं, तसेंच हें आहे.

हा न बोललेला विश्वास एका रात्रींत मोडला म्हणजे लोकांच्या मनांत काय काय उठतें, हें पाहण्यासाठीं शिरवळकरांस फार दूर जावयास नको. भोरमार्गें वरंध घाट उतरलें कीं महाड लागतें. महाडजवळून वाहणारी सावित्री नदी मूळची सातारा जिल्ह्यांतीलच. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना आणि गायत्री यांच्याबरोबर तिचाहि उगम भाविकांस दाखवितात. कृष्णा पूर्वेस जाते, तर सावित्री पश्चिमेची वाट धरून कोंकणांत उतरते. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकांठीं पांच-साडेपांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांतील बराचसा वांटा या लहानशा नदीच्या पदरांत पडतो आणि तोहि थोड्या तासांत.

मंगळवार, २ ऑगस्ट २०१६. त्या रात्रीं सावित्रीस मोठा पूर होता. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ तेव्हां दोन पूल शेजारीं शेजारीं होते. एक अलीकडच्या काळांतील, आणि दुसरा १९२८ सालचा दगडी कमानींचा. मध्यरात्रीच्या आधीं जुना पूल पडला. जयगडहून मुंबईस आणि राजापूरहून बोरिवलीस निघालेल्या दोन एस. टी. गाड्या आणि एक खासगी मोटार त्या काळोखांत पुरांत गेल्या. चाळीसच्या सुमारास माणसें दगावलीं. पुलाजवळच्या एका गॅरेजमध्यें काम करणाऱ्या परप्रांतीय कामगाराच्या हा प्रकार ध्यानांत आला. त्यानें रस्त्यावर येऊन मागून येणारीं वाहनें थांबविलीं, म्हणून हा आंकडा आणखी वाढला नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. आपत्ति निवारण दल, नौदल, तटरक्षक दल आणि स्थानिक नावाडी सर्व नदींत उतरले. तीनशें किलो वजनाचें लोहचुंबक क्रेनला बांधून पाण्यांत सोडण्यांत आलें. तरीहि पहिल्या एस. टी. गाडीचा सांगाडा हातीं लागण्यास आठवड्याहून अधिक काळ गेला, आणि तो सांपडला तो पुलापासून फार दूर नव्हे. उलट कांहीं मृतदेह मात्र नदीच्या मुखाबाहेर जाऊन हरिहरेश्वर, आंजर्ले येथपर्यंतच्या किनाऱ्यास लागले. गाडी जवळ आणि माणूस शंभर किलोमीटरांवर, ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. जड लोखंड वाळूंत रुतून बसतें आणि हलकें शरीर प्रवाहाबरोबर वाहत जातें, हें कारण साधें आहे. परंतु ज्याचा भाऊ त्या गाडींत होता त्याच्या मनास तें त्या वेळीं पटत नाहीं. वदंतेस पहिली वाट मिळते ती येथें.

वदंता म्हटली कीं अडाणीपणा, असें समजण्याची सुशिक्षितांस संवय आहे. ती समजूत बरोबर नाहीं. मोठ्या अपघातानंतरचे पहिले कांहीं दिवस असे असतात कीं प्रश्न पुष्कळ आणि उत्तरें थोडीं. किती माणसें गेलीं? एस. टी.च्या वाहकाजवळ तिकिटांची नोंद असते, डेपोंत चालकाचें नांव असतें, त्यामुळें त्या गाड्यांचा हिशेब लागतो. खासगी मोटारींत कितीजण बसले होते याची नोंद कोणाजवळच नसते. घरीं न पोहोंचलेल्या माणसाचा फोन लागेनासा झाला म्हणजे त्याचे नातेवाईक नदीवर येतात, आणि आंकडा दररोज बदलतो. बदलणारा आंकडा हा सरकारी लपवालपवीचा पुरावा, असें ऐकणारा सहज धरून चालतो. वास्तविक पहिल्या दिवशींचा आणि दहाव्या दिवशींचा आंकडा एकच असता, तर तेंच अधिक संशयास्पद ठरलें असतें.

आतां ज्या गोष्टीवरून सर्वांत अधिक संताप उसळला तिच्याकडे वळावें. त्याच वर्षीं मे महिन्यांत या पुलाची तपासणी झाली होती आणि तींत धोका आढळला नव्हता, असें सरकारतर्फे सांगण्यांत आलें. मे महिन्यांत धडधाकट असलेला पूल ऑगस्टांत पडतो कसा? यावर चहाच्या दुकानांत मिळणारीं उत्तरें दोनच. तपासणी झालीच नाहीं, केवळ कागद रंगविले, हें एक. तपासणी झाली, परंतु खरें दाबून ठेवलें, हें दुसरें. दोन्ही उत्तरांत कोणी तरी खोटें बोलत आहे असें गृहीत धरलेलें आहे. तिसरें उत्तर नदीच्या तळाशीं आहे, आणि तें समजून घेण्यास थोडा धीर लागतो.

पूर आला म्हणजे पुलाच्या खांबाशीं पाणी अडतें, दुभंगतें आणि खालीं बुडी मारून भोंवरा करतें. हा भोंवरा खांबाच्या पायाजवळची वाळू आणि माती उकरून काढतो. पाण्याचा वेग वाढला कीं खड्डा वाढतो, आणि पूर ऐन भरांत असतो तेव्हां तो सर्वांत खोल असतो. पुढें पूर ओसरूं लागला म्हणजे वाहून आलेली वाळू त्याच खड्ड्यांत पुन्हां बसते. मे महिन्यांत नदी कोरडी पडली असतां कोणी जाऊन पाहिलें तर तळ सपाट दिसतो. खालीं भरलेली वाळू सैल आहे, पूर्वींच्या कठीण थराइतका तिचा आधार नाहीं, हें वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं. त्यासाठीं पुराच्या वेळीं तळाची खोली मोजावी लागते, किंवा नंतर तज्ज्ञांकडून पाया उघडून पाहावा लागतो. तपासनीस प्रामाणिक असूं शकतो, त्याचा अहवाल खरा असूं शकतो, आणि तरीहि पूल पडूं शकतो. अशा वेळीं दोष असलाच तर तो तपासणीच्या पद्धतींत असतो. माणूस लबाड असलाच पाहिजे असें नाहीं. लबाडीची शिक्षा एका माणसास देऊन प्रकरण मिटवितां येतें, पद्धति मात्र राज्यांतील प्रत्येक जुन्या पुलावर बदलावी लागते.

दगडी कमानीची आणखी एक खोड आहे. कमानीचे दगड एकमेकांस दाबून धरतात, आणि त्या दाबावरच ती उभी असते. शेजारशेजारच्या दोन कमानी मधल्या खांबास दोन बाजूंनीं सारख्या जोरानें रेटतात, म्हणून खांब सरळ राहतो. एक खांब खचला आणि त्यावरची कमान उघडली, कीं पुढच्या खांबावरचा एका बाजूचा रेटा नाहींसा होतो. मग दुसरी बाजू त्यास ढकलते. एकामागून एक कमानी मिनिटांत जातात आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं सुरुंगच लागला. जुन्या कमानींच्या पुलांच्या पडण्यांत ही रीत वारंवार आढळते. “इतका मोठा पूल आपोआप कसा पडेल, कोणी तरी पाडला असला पाहिजे,” हा उद्गार पुष्कळदां या झटपटीमुळेंच निघतो.

महाराष्ट्रांत इंग्रजी अमदानींतील बहुतेक प्रत्येक पुलाबद्दल एक कथा सांगितली जाते. पुलाचीं शंभर वर्षें भरलीं, आणि ज्या विलायती कंपनीनें तो बांधला तिनें लंडनहून पत्र पाठवून कळविलें कीं आमची जबाबदारी संपली, पूल पाडा. पत्र आलें, आणि येथील अधिकाऱ्यांनीं तें दडपलें. ही कथा ऐकतांना गोड वाटते, कारण तींत इंग्रजाची शिस्त आणि आपल्या लोकांची बेपर्वाई एकाच दमांत सांगून होते. परंतु सावित्रीच्या पुलास ती लावून पाहावी. पूल १९२८ चा, पडला २०१६ सालीं. अठ्ठ्याऐशीं वर्षें झालीं होतीं. शंभर भरण्यास आणखी बारा अवकाश होता. शिवाय त्या काळीं आपल्या सडकांवरचे दगडी पूल सरकारच्या बांधकाम खात्याच्या देखरेखीखालीं उठत, आणि त्यांचे नकाशे त्या खात्याच्या दप्तरांत असत. त्यासाठीं लंडनकडे पाहण्याचें कारण नव्हतें. आणि दगडी पुलाचें आयुष्य शंभर वर्षें, हा हिशेब कोणीं घातला? उत्तर प्रदेशांत जौनपूर येथें गोमती नदीवर अकबराच्या अमदानींत, १५६८ च्या सुमारास, पुरा झालेला शाही पूल आहे. १९३४ च्या भूकंपांत त्याच्या कांहीं कमानी मोडल्या, त्या पुन्हां बांधल्या, आणि पूल उभा आहे. पुलाचें वय शिलालेखावरून सांगतां येतें. त्याची प्रकृति मात्र दगडांच्या दरजा, फटींतून वाढणारे पिंपळ आणि पायाखालची वाळू यांवरून ठरते.

मात्र प्रत्येक संशय वदंता म्हणून उडवून लावणें हेंहि तितकेंच घातक आहे. वाळूचेंच उदाहरण घ्यावें. नदींतील वाळूचा बेसुमार उपसा झाला कीं पात्राचा तळ खालीं जातो आणि खांबांचे पाय उघडे पडतात. ही शास्त्रीय वस्तुस्थिति आहे, आणि पुलाजवळ वाळू काढण्यास मनाई असते ती याचसाठीं. तेव्हां पूल पडल्यावर गांवकरी वाळूवाल्यांचें नांव घेतात यांत अज्ञान नाहीं. येथें विवेक एवढाच करावयाचा कीं विधान तपासतां येण्याजोगें आहे कीं नाहीं. “वाळू उपसल्यानें पाया उघडा पडला” हें म्हणणें मोजून पाहतां येतें. मूळ नकाशांत तळाची पातळी किती होती आणि आतां किती आहे, एवढें पाहिलें कीं झालें. “वाळूवाल्यांनीं सगळें खातें विकत घेतलें असून चौकशी करणारेहि त्यांचेच” हें म्हणणें असें आहे कीं त्याविरुद्ध पुरावा आला तर तोहि विकत घेतलेला ठरतो. पहिलें म्हणणें चुकीचें निघूं शकतें. दुसरें कधींच चुकीचें निघूं शकत नाहीं, आणि म्हणूनच त्यापासून कांहीं शिकतांहि येत नाहीं.

लहान कारणानें मोठा अनर्थ झाला हें माणसाच्या मनास सोसत नाहीं. २६ मार्च २०२४ रोजीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें ‘दाली’ नांवाचें अवाढव्य मालवाहू जहाज मध्यरात्रीनंतर पुलाच्या खांबावर आदळलें आणि १९७७ सालचा तो प्रचंड लोखंडी पूल कांहीं क्षणांत पाण्यांत गेला. पुलावर रात्रपाळीनें रस्त्याचे खड्डे बुजविणारे सहा कामगार मृत्यु पावले. ते सर्व दक्षिणेकडील देशांतून पोटासाठीं आलेले होते. सकाळ उजाडण्याच्या आंत वदंता जगभर पसरल्या. जहाजाच्या यंत्रणेंत परकीय शत्रूनें शिरकाव केला, जहाज मुद्दाम वळविलें, सरकारनेंच घडवून आणलें, असें नाना परीचें बोलणें सुरू झालें. जहाजावरील खलाशी बहुतेक भारतीय होते. त्यांचीहि टिंगल झाली. वस्तुतः वीज जातांच जहाजावरून धोक्याचा संदेश गेला होता, आणि त्या थोड्या मिनिटांत पोलिसांनीं दोन्ही टोंकांस वाहतूक अडविली, म्हणून अनेकांचे प्राण वांचले. महाडच्या त्या कामगारानें केलें तेंच येथें झालें. २०२५ मध्यें तेथील राष्ट्रीय सुरक्षा मंडळानें आपला निष्कर्ष जाहीर केला. एका तारेवर नांवाची पट्टी नीट न बसविल्यामुळें तार जोडणींत पक्की बसली नव्हती, ती निसटली आणि जहाजाची वीज गेली. पूल पडला तो एका चिठ्ठीपायीं! शत्रूच्या कारस्थानापेक्षां हें ऐकणें अधिक कठीण वाटतें.

देवाच्या कोपावर भार टाकणारी वदंता त्याहून जुनी. स्कॉटलंडमध्यें २८ डिसेंबर १८७९ रोजीं वादळांत टे नदीवरचा रेल्वेपूल आगगाडीसह कोसळला आणि सुमारें पाऊणशें माणसें गेलीं. तो वार रविवार होता. रविवारीं प्रवास करण्याचें पाप भोंवलें, असें म्हणणारे धर्मनिष्ठ लोक पुष्कळ निघाले. चौकशी समितीनें मात्र आंखणी वाईट, बांधणी वाईट आणि देखभाल वाईट, असा ठपका ठेवला. आपल्या देशांत रूप वेगळें. इंग्रजी अमदानींत मोठा पूल बांधला जाऊं लागला कीं पायांत पुरण्यासाठीं मुलें पळवितात अशी आवई ठिकठिकाणीं उठे, आणि आया मुलांस घराबाहेर पाठवीत नसत. हें सर्व मागें पडलें असें वाटत असतांना २०१९ च्या जुलैंत बांगला देशांत पद्मा नदीवरील पुलासाठीं माणसांचीं मुंडकीं लागतात अशी बातमी फोनवरून पसरली. पुलाच्या अधिकाऱ्यांनीं ती खोटी असल्याचें पत्रक काढलें. तरीहि मुलें पळविणारे समजून जमावांनीं निरपराध माणसांस ठार मारलें. त्यांत आपल्या मुलाच्या शाळाप्रवेशाची चौकशी करावयास गेलेली एक आई होती. पूल २०२२ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्यासाठीं कोणाचेंहि मुंडकें लागलें नव्हतें. जीव गेले ते वदंतेनें घेतले.

गुजराथेंतील मोरबी शहराचें उदाहरण या विषयांत दोनदां येतें. ११ ऑगस्ट १९७९ रोजीं मच्छू नदीवरचें धरण फुटून मोरबी बुडालें. मृतांचा आंकडा कोणी अठराशें सांगतो, कोणी पंचवीस हजार. चौकशी आयोग नेमला होता, परंतु तो काम पुरें होण्याआधींच १९८१ मध्यें गुंडाळण्यांत आला. अठराशें आणि पंचवीस हजार यांतील अंतर इतक्या वर्षांतहि बुजलें नाहीं, याचें एक कारण हें आहे. त्याच मोरबींत, त्याच मच्छू नदीवरील झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला होऊन चार दिवस होतात तोंच ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं तुटला आणि १३५ माणसें गेलीं. कांहीं उनाड पोरांनीं पूल हलविला म्हणून तो तुटला, असें प्रथम जोरानें बोललें गेलें. विशेष तपास पथकास आढळलें तें असें कीं एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकीं २२ तारा गंजलेल्या होत्या आणि बहुधा आधींच तुटलेल्या होत्या. पोरें पुलावर असतीलहि, हलवीत असतीलहि. झुलत्या पुलावर पोरें तेंच करतात, आणि त्यास टिकेल असाच पूल बांधावयाचा असतो. दोष मेलेल्यांवर टाकणारी वदंता सर्वांत सोयीची असते, कारण मेलेला उत्तर देत नाहीं.

१५ जून २०२५ रोजीं, रविवारीं, तळेगांवजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा लोखंडी पूल सहलीस आलेल्या गर्दीखालीं तुटून चारजण दगावले, तेव्हांहि पहिलें बोट गर्दीकडेच गेलें. पूल धोकादायक आहे हें आधींच ठाऊक होतें आणि तशी पाटीहि होती. लोकांनीं पाटी वाचावयास हवी होती, हें खरेंच. परंतु केवळ पाटीनें वाट बंद होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

वदंतेचा खरा उपद्रव कोणास होतो? चहाच्या दुकानांत बसून ती सांगणाऱ्यास नव्हे. सावित्रींतून ज्यांचे देह मिळाले नाहींत त्यांच्या घरीं तो होतो. “अमक्या गांवीं एक मनुष्य सांपडला आहे, त्यास कांहीं आठवत नाहीं,” असा निरोप आला कीं घरांतील माणसें पुन्हां पिशवी भरून निघतात. देह मिळाल्यावांचून क्रियाकर्म करावें कीं नाहीं याचा निर्णय होत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं तो मृत समजतां येतो. मोठ्या आपत्तींत सरकार ही मुदत शिथिल करूं शकतें, आणि मृत्यूचा दाखला मिळाला तरच विमा, निवृत्तिवेतन, वारसाची नोंद हीं कामें पुढें सरकतात. आंतून आशा सुटत नाहीं, बाहेरून दाखला मागितला जातो. अशा घरास “पूल पाडला गेला” ही बातमी नवें दुःख देते, कारण मग मारेकरीहि शोधावयाचा राहतो.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर सरकारनें निवृत्त न्यायाधीश एस. के. शहा यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला, आणि नवा पूल १६५ दिवसांत उभारून ५ जून २०१७ रोजीं खुला केला. बांधणीच्या वेगाचें कौतुक योग्यच होतें. पण वाहनें सुरळीत चालूं लागलीं कीं चौकशीच्या कागदांची कोणास आठवण राहत नाहीं. वर्तमानपत्रांत अपघाताचें वर्णन आठ आठ रकाने भरून येतें. अहवाल येतो तेव्हां त्यास कोपऱ्यांतील चार ओळी मिळतात. अहवाल तालुक्याच्या गांवीं मराठींत वाचावयास ठेवला, पुलाचा नकाशा आणि तपासणीच्या तारखा पंचायतीच्या फळ्यावर लावल्या, तर वाचणारे थोडेच निघतील. पण वाद घालणाऱ्यास तेथें जाऊन पाहतां येईल. शिरवळसारख्या गांवीं नदीकांठीं राहणारे वृद्ध लोक पुराचें पाणी कोणत्या सालीं कोठपर्यंत आलें होतें हें बोट दाखवून सांगूं शकतात. ही माहिती खात्याच्या दप्तरांत नेऊन ठेवण्याची रीत मात्र अजून पडलेली नाहीं.

पावसाळ्यांत वीर धरण भरलें कीं नीरेचा फुगवटा शिरवळच्या बाजूस चढूं लागतो. पुलावरून जाणाऱ्यास तेव्हां विस्तीर्ण, शांत पाणी दिसतें, आणि गाड्या थांबवून लोक तें पाहतात. खांबांचे पाय त्या वेळीं कोणास दिसत नाहींत; ते पाहावयाचे तर पाण्यांत उतरून मोजणाऱ्या माणसांनींच पाहावयाचे.